विमा न विकणारं टेबल : इंदिरानगरच्या मोफत आरोग्य विमा सल्ला केंद्राबद्दल

आमच्या इंदिरानगर भागात ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते साडेबारा आरोग्य विम्याचा मोफत सल्ला मिळतो. नाशिकमध्ये साठी ओलांडलेल्या माणसाला विमा विकणारे पावलोपावली भेटतात. बँकेत पासबुक भरायला गेलं तरी कोणीतरी हातात पत्रक देतं. पण घेतलेल्या पॉलिसीत काय लिहिलंय हे शेजारी बसून समजावणारं माणूस मिळत नाही. इथे ते मिळतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकरोडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, वय ६७. हे ७२ वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यात नोकरी केली. कारखान्याचा ग्रुप विमा निवृत्तीबरोबर संपला आणि मग आम्ही दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी घेतली. यांना बीपी आणि साखर, मला गुडघे. आमच्या वयाच्या बहुतेक घरांत हेच चित्र असेल.

टेबलावर तिघं बसतात. एक सरकारी विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी, त्यांना सगळे साहेब म्हणतात. दुसऱ्या एक ताई, त्यांची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये गेली. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले काका मोबाईलवरची कामं बघतात. मागे भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे : ‘इथे पॉलिसी विकली जात नाही. एजंटचा नंबर दिला जात नाही.’ पहिल्यांदा गेले तेव्हा मी साहेबांना सरळ विचारलं, की निदान कोणती कंपनी चांगली तेवढं तरी सांगा. ते म्हणाले, “ताई, ते मी सांगायला लागलो तर उद्यापासून या टेबलावर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या कागदात काय आहे ते मी सांगतो. ठरवायचं तुम्ही.”

आमचा प्रश्न असा होता. एका विक्रेत्याचा सारखा फोन येत होता, की जुनी पॉलिसी सोडा, आमची घ्या, कव्हर दुप्पट, हप्ता थोडासाच जास्त. ऐकायला बरं वाटत होतं. साहेबांनी आधी यांना विचारलं, साखर कधीपासून आहे? मग जुन्या पॉलिसीचं पहिल्या वर्षापासूनचं शेड्यूल मागितलं. सगळी वर्षं खंड न पडता चालू आहेत ना, ते तारखा लावून पाहिलं. त्यानंतर सांगितलं, की नवी पॉलिसी नव्याने घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांच्या क्लेमसाठी पुन्हा थांबावं लागेल. एप्रिल २०२४ पासून या थांबण्याची कमाल मर्यादा ३६ महिने केली आहे, आधी ती ४८ होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं ऑपरेशन अशा यादीतल्या आजारांना साधारण दोन वर्षं वेगळी. आमच्या जुन्या पॉलिसीत हे सगळं केव्हाच पार पडलं आहे. बहात्तराव्या वर्षी ते फुकट घालवून पुन्हा शून्यापासून सुरुवात कशासाठी?

कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे जुनीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, म्हणाले. पोर्ट केल्यावर जुन्या विमा रकमेपुरती थांबलेली वर्षं मोजली जातात. मात्र नवी कंपनी नकारही देऊ शकते, म्हणून नूतनीकरणाच्या तारखेच्या निदान दीड महिना आधी हालचाल करायची आणि नव्या कंपनीचा होकार हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. विक्रेत्याने फोनवर यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

पाच लाख आजच्या बिलांना अपुरे पडतील ही आमची काळजी साहेबांनी उडवून लावली नाही. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर घ्यायचं जादा कव्हर, त्या दोन्हींतला फरक त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडून दाखवला. समजा, वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं आणि दोन्ही वेळा चार-चार लाख बिल आलं. पाच लाखांच्या वरचा साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. दोन्ही बिलं पाचच्या आत, म्हणून तो एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो : आठ वजा पाच, तीन लाख तो देतो आणि पहिले पाच मूळ पॉलिसी देते. मी आयुष्यभर मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली आणि त्या कागदावरचं गणित मला फार आवडलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही जुनी पॉलिसी ठेवली. सुपर टॉप-अपची चौकशी आमची आम्हीच, तीन ठिकाणी केली. कोणता घेतला ते इथे लिहीत नाही, साहेबांना ते आवडणार नाही.

खरी शिकवणी मात्र बिलिंगवाल्या ताईंची. खोलीभाड्याची मर्यादा हा प्रकार बहुतेकांना बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. तीन लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का असं लिहिलेलं असेल, तर खोलीचे दिवसाला ३००० रुपये मिळणार. घरच्यांनी प्रेमापोटी ६००० ची स्वतंत्र खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू, बाकीचं विमा देईल. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर खोली जितक्या पटीने महाग, त्याच हिशेबात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही पैसे कापले जातात. सर्जनचे ८०,००० असतील तर ४०,००० हातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांवर ही कपात लावता येत नाही, नियम तसा आहे. ताई सांगतात, की डिस्चार्जच्या गडबडीत सरसकट कापलेलं दिसलं तर थांबून विचारा. त्या बिलावर पेन्सिलीने खुणा करत जातात, ही ओळ बरोबर, ही कशाची ते लेखी मागा, ही दोनदा लागली आहे. असं बिल वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

कॅशलेसचे, म्हणजे कंपनी हॉस्पिटलचं बिल थेट भरते त्याचे, नियमही त्यांच्याकडूनच नीट कळले. विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे हॉस्पिटलची विनंती गेल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. कंपनीच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. काउंटरवर संध्याकाळपर्यंत ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या जोडीदाराला हे तीन तासांचं माहीत असणं फार मोलाचं आहे. नुसतं ‘बघा ना जरा’ म्हणण्यात आणि वेळ सांगून विचारण्यात फरक पडतो.

सरकारी योजनांबद्दल आमच्या ओळखीत दोन टोकं आहेत. काहींना वाटतं, त्या आपल्यासाठी नाहीतच. काहींना वाटतं, कार्ड मिळालं म्हणजे झालं. दोन्ही समजुती काकांनी बाजूला केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही. वय ७० पूर्ण आणि आधार कार्ड, एवढं पुरतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, थांबण्याचा कालावधी नाही. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. देवळालीकडून येणाऱ्या माजी सैनिकांना मात्र काका आवर्जून थांबवतात, कारण ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची) असलेल्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं आणि ते घाईत निवडायचं नाही.

यांचं कार्ड काकांनी तिथेच आयुष्मान ॲपवर काढून दिलं. बोटांचे ठसे उमटेनात. कारखान्यात हात झिजलेल्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं आहे. मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून काम झालं. त्यानंतर काकांनी जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यांनी यांना विचारलं, “उद्या छातीत दुखलं तर तुम्ही कुठे जाल?” यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ते योजनेच्या यादीत आहे का आणि हृदयाच्या उपचारांसाठी आहे का, हे काकांनी शोधून दाखवलं. एखादं हॉस्पिटल यादीत असतं, पण ठरावीक विभागांपुरतंच असतं. आपल्या घरापासून कोणतं हॉस्पिटल कोणत्या उपचाराला चालेल हे आता आमच्या वहीत लिहिलेलं आहे.

मी सत्तरीच्या आतली, माझ्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना ती मिळत नव्हती, आता मिळते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण यादीतल्या उपचारांनाच आणि यादीतल्या हॉस्पिटलांतच. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला मदतनीस, गाठायचा, बिल झाल्यावर नाही. हेल्पलाइन १५५३८८ आणि आयुष्मानची १४५५५, हे दोन्ही नंबर काकांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे ६५ पूर्ण झालं की मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा, आणि त्यातले पर्याय समजावायला सरकारच्याच पैशाने प्रत्येक राज्यात मोफत सल्ला देणारी यंत्रणा आहे. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक काही न विकता समोरासमोर किंवा फोनवर मार्गदर्शन करतात. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर पर्याय बदलता येतात, त्या दिवसांत ती न चुकता जाऊन येते. आपल्याकडे हे काम तीन निवृत्त माणसं चहाचे पैसेसुद्धा स्वतःच्या खिशातून देऊन करतात. हे महापालिकेने किंवा सरकारने प्रत्येक विभागात उभं करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सिडकोत हवं, पंचवटीत हवं, जेल रोडला हवं. सगळ्यांनी सिटीलिंकच्या दोन बस बदलून इंदिरानगरला का यायचं?

पंचवटीतून येणाऱ्या एका काकांचं प्रकरण मी पहिल्यापासून पाहिलं. त्यांच्या पत्नीचा क्लेम एका कंपनीने नाकारला. कारण दिलं, पॉलिसी घेताना मधुमेह सांगितला नव्हता. पॉलिसीला सात वर्षं झालेली, एकही खंड नाही. साहेबांनी नियम दाखवला : सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पंचवटीच्या काकांनी पत्र आधीच लिहून आणलं होतं, त्यात रागच जास्त होता. साहेबांनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं आणि दुसरं लिहायला बसवलं. पॉलिसी क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, नकाराच्या पत्राची तारीख, नियम, मागणी. बस. हे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. नाशिकसाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं, एवढी तारीख जपायची. त्या काकांचं प्रकरण सध्या पुण्यात आहे. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा “सोडून देतो” म्हणत होते. आता फाईल काखेत घेऊन येतात आणि इतरांनाही तारखा लिहून ठेवायला सांगतात.

आणि एक गोष्ट पाहून मला फार वाईट वाटतं. एकट्या येणाऱ्या बायका. साहेब विचारतात, पॉलिसी कोणाच्या नावावर? “मुलगा बघतो.” किती लाखांची? “त्यालाच माहीत.” कार्ड कुठे आहे? “पुण्याला, त्याच्याकडे.” मुलगा चांगलाच असतो, हप्ताही वेळेवर भरतो. पण रात्री दोन वाजता ही बाई घरात पडली तर शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये काय दाखवायचं? एक आजी यायच्या, नवरा करन्सी नोट प्रेसमध्ये होता, आता एकट्या राहतात. त्यांना वाटत होतं, नवऱ्याबरोबर विमा पण गेला. ताईंनी त्यांच्यासमोर मुलाला फोन लावला, पॉलिसीची प्रत व्हॉट्सॲपवर मागवली, पुढच्या गल्लीतून छापून आणली. आजींचं नाव त्यात होतं, पॉलिसी चालू होती. ताईंनी पॉलिसी क्रमांक, कंपनीचा टोल फ्री नंबर आणि मुलाचा नंबर एका जाड कागदावर लिहिला. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला, एक शेजारणीकडे द्यायला. आजी तो कागद दोनदा मोठ्याने वाचून गेल्या. आपल्या आईच्या, सासूच्या, मावशीच्या हातात हा कागद आहे का, हे वाचणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने आजच विचारावं.

हप्त्याबद्दलही इथे नीट कळतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, नूतनीकरणाच्या नोटिशीत तो पाहून घ्या. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करायला हवी, हा आदेश जानेवारी २०२५ चा. जुन्या कररचनेत असाल तर ज्येष्ठांना आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी ५०,००० पर्यंत वजावट आहे आणि विमाच नसेल तर औषधोपचाराचा खर्चही त्यात धरता येतो, फक्त तो रोखीने केलेला नको.

आता उणिवा. जागा चांगली नाही. एकाच खोलीत पलीकडे कॅरम चालू असतो आणि इकडे माणूस आपल्या प्रोस्टेटबद्दल सांगत असतो. कमी ऐकू येणाऱ्यांशी मोठ्याने बोलावं लागतं, म्हणजे आजार सगळ्या खोलीला कळतो. एक पडदा किंवा शेजारची छोटी खोली मिळाली तरी पुष्कळ होईल. केंद्राला पाच-सहा पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. साहेब हुशार आहेत पण भरभर बोलतात, आणि काय ठरलं ते लिहून देण्याची पद्धत नाही. घरी जाईपर्यंत अर्धं विसरतं. मी वही नेते, प्रत्येकाला ते जमत नाही. छापील कागदावर चार ओळी लिहून दिल्या तर घरच्यांनाही दाखवता येईल.

कंपन्यांबद्दल काहीच न बोलण्याचा नियम मला पटतो, पण तो जरा ताणला जातो. कोणत्या कंपनीने किती क्लेम दिले, लोकपालांकडे कोणाविरुद्ध किती तक्रारी गेल्या, हे नियामकाच्या आणि लोकपालांच्या वार्षिक अहवालांत दरवर्षी येतं. ते तक्ते छापून टेबलावर ठेवले तर त्यात विक्री कसली? ज्याचं त्याने वाचावं. मी साहेबांना हे सांगितलं आहे. विचार करतो म्हणाले.

जाणार असाल तर पॉलिसीची सगळी पानं न्या, नुसतं कार्ड नाही. जुन्या वर्षांची शेड्यूल, ताजी नोटीस, कधी ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड, आधार, आणि आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून. नूतनीकरणाला दोन महिने असतानाच जा, म्हणजे पोर्टचा मार्ग उघडा राहतो. नवी पॉलिसी नुकतीच गळ्यात पडली असेल तर आणखी लवकर जा, कारण ती हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. शुक्रवारी गर्दी असते. मंगळवारी दहाच्या आत पोहोचलात तर ताई निवांत बिल वाचून देतात.